हिरव्या बाटलीतला पोलो की पाको राबान पूर ऑम? बाबांसाठी एकच परफ्यूम घ्यायचं आहे

मंडळी, बाबा ३१ मेला शाळेतून निवृत्त होताहेत. दाढीनंतर तुरटी आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी, एवढाच त्यांचा सुवासाशी संबंध. दिवाळीत माझा शर्ट हुंगून म्हणाले, "हे गोड गोड काय लावता रे तुम्ही? झाडपाल्याचा वास असलेलं काही मिळत नाही का?" तेव्हाच ठरवलं, निवृत्तीला हेच द्यायचं.

दोन नावांवर येऊन अडलोय. दोन्हींचे ५-५ मिलीचे नमुने मागवून आठवडाभर आलटून पालटून लावले.

पाको राबान १९७३चं. फवारताना रोजमेरी आणि लव्हेंडर येतं, मग अर्ध्या तासाने ब्रशने फेसलेल्या दाढीच्या साबणाचा वास, दुपारकडे थोडा मध. स्वच्छ आंघोळ करून आलेला माणूस वाटतो. माझ्या अंगावर पाचेक तासांत विरून गेलं.

राल्फ लॉरेनचं पोलो १९७८चं, कार्लोस बेनाइम यांनी बनवलेलं. हे दाट. आधी पाइनचं ओलं लाकूड करवतीने कापल्यासारखं, मागून चामडं आणि तंबाखू. दोनच फवारे मारले होते, तरी दुसऱ्या दिवशी धुवायला टाकताना कॉलरला वास होता. बाबांनी मागितलेला झाडपाला मला यातच सापडतो. पण आईला तंबाखूचा वास सहन होत नाही, आणि घरात दिवसभर ती दोघंच.

दोन्हींच्या वासाच्या तळाशी ओकमॉस आहे. नावात मॉस (शेवाळ) असलं तरी ते ओकच्या झाडांवर वाढणारं लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून बनलेलं, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या कुळातलं. हे वाचल्यावर मसाल्याचा डबा उघडला, दगडफूल चुरगाळून हुंगलं आणि लगेच पोलो लावलेलं मनगट नाकाशी नेलं. तोच कोरडा, मातकट, जरा धुरकट वास! इतका आनंद झाला की बाबांना फोन करून सांगणारच होतो, कसंबसं आवरलं. ओकमॉसने काहींना त्वचेची ॲलर्जी होते म्हणून त्याच्या वापरावर आता बरीच बंधनं आहेत. जुन्या बाटल्या वापरलेले लोक म्हणतात की आताच्या हलक्या झाल्यात. मी नवीनच घेणार आहे, त्यामुळे मत देताना हल्लीच्या बाटलीबद्दल सांगा.

खरी अडचण हवेची. मी पुण्यात लावून पाहिलं, बाबा चिपळूणला राहतात. जूनपासून तिथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा दमट हवेत पोलो कोंदट होतं का? एकच फवारा, तोही बनियनवर मारला तर तंबाखू दबेल का? आणि पाको राबान घेतलं तर कपड्यांवर ते जास्त टिकतं का?

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात यातलं एखादं वापरलेलं कुणी असेल तर कृपया लिहा. पार्सल चिपळूणला वेळेत पोचायला हवं, म्हणून २० मेपर्यंत ऑर्डर टाकायची आहे.