विमानात ट्रे पुसायचा, की शेजारच्याच्या खोकल्याकडे बघायचं?

तिरफळ (धागालेखक):
सीटवर टेकल्या टेकल्या वाइप्सचं पाकीट काढून ट्रे, आर्मरेस्ट, बेल्टचं बकल, समोरचा स्क्रीन असं सगळं घासणारी मंडळी हल्ली प्रत्येक विमानात दिसतात. ही मेहनत चुकीच्या जागी खर्च होते, असं माझं मत. विमानातून घरी येणारे त्रासदायक आजार बहुतेक श्वासाचे: फ्लू, कोविड, क्वचित गोवर. ते मुख्यतः माणसांकडून येतात, ट्रेवरून नाही. १५ मार्च २००३ चं हाँगकाँग-बीजिंग उड्डाण घ्या. विमानात १२० माणसं, त्यात सार्स या श्वसनाच्या गंभीर आजाराचा एक रुग्ण, प्रवास तीन तासांचा. नंतर २२ जणांना लागण झाल्याचं धरलं गेलं, त्यातल्या १८ जणांशी संशोधकांना बोलता आलं. रुग्णाच्या पुढच्या तीन रांगांतल्या २३ पैकी ८ आजारी पडले, इतरत्र बसलेल्या ८८ पैकी १०. यातले किती जण ट्रे पुसून वाचले असते? त्यापेक्षा खिडकीची सीट घ्या, नीट बसणारा एन९५ लावा आणि डोक्यावरचं हवेचं नोझल उघडं ठेवा.

सूक्ष्मजीवी:
असहमत. पोटाचे आजार कुठे गेले? ऑक्टोबर २००९ मध्ये एका बोइंग ७७७ मध्ये प्रवाशाला उलटी झाली. ती साफ केल्यानंतरही पुढचे काही दिवस त्याच विमानावर वेगवेगळ्या फेऱ्यांत काम केलेले हवाई कर्मचारी गॅस्ट्रोने आजारी पडत राहिले. रुग्ण केव्हाच उतरून गेला होता, मागे राहिला तो पृष्ठभागांवरचा नोरोव्हायरस. या विषाणूने आजारी पडायला अगदी थोडे कण पुरतात. शिवाय त्याला अल्कोहोल सॅनिटायझरची फारशी पर्वा नसते, त्याच्यावर साबण-पाणी आणि क्लोरीन हेच उपाय.
दुसरं, अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या २०१४ मधल्या प्रयोगात एमआरएसए हा अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जिवाणू सीटच्या खिशाच्या कापडावर १६८ तास जिवंत राहिला आणि ई. कोलाय ओ१५७ हा पोट बिघडवणारा जिवाणू आर्मरेस्टच्या साहित्यावर ९६ तास. देशांतर्गत फेऱ्यांवर दोन उड्डाणांमध्ये अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यात कचरा उचलला जातो, १८० ट्रे निर्जंतुक होत नाहीत.

तिरफळ:
ऑबर्नचा दाखला सगळे अर्धाच देतात. जिवाणू प्रयोगशाळेत मुद्दाम लावले होते, आणि त्याच प्रयोगात असंही दिसलं की कापडासारख्या सच्छिद्र गोष्टींवर जंतू जास्त टिकतात पण त्वचेवर कमी उतरतात. म्हणजे खिसा पुसायची गरज नाही, त्यात हात घालू नका एवढंच. वापरलेला टिश्यू, केळ्याची साल, डायपर, सगळं तिथेच जातं.

एसीवाला_हँगर३:
तिरफळ यांच्या बाजूचा, पण हवेबद्दल अर्धवट माहिती फिरतेय म्हणून लिहितो. मोठ्या जेट विमानांत केबिनची हवा साधारण अर्धी बाहेरची आणि अर्धी हेपा फिल्टरमधून फिरवलेली असते. हवा तासाला २० ते ३० वेळा बदलते, म्हणजे दोन-तीन मिनिटांत एकदा. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. हा आकार पकडायला सर्वांत कठीण म्हणून आकडा त्याचा देतात, त्याहून लहान कणही चांगले अडकतात. हवा छतातून येते आणि त्याच भागात जमिनीलगतच्या जाळीतून बाहेर जाते. विमानभर लांबीने फारशी वाहत नाही.
मात्र हे सगळं पंखे आणि पॅक (केबिनला हवा पुरवणारी एसी यंत्रणा) चालू असताना. मार्च १९७७ मध्ये अलास्कात होमरला इंजिन बिघडून विमान तीन तास जमिनीवर थांबलं, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. ५४ जणांपैकी ७२ टक्क्यांना तीन दिवसांत फ्लू. विमान तेच, माणसं तीच, फक्त हवा थांबलेली. धोका आकाशात कमी आणि चढण्या-उतरण्याच्या गर्दीत, दारं बंद करून रांगेत खोळंबताना जास्त. मास्क लावायचाच तर बोर्डिंग गेटवरच लावा, सीटबेल्टची खूण विझल्यावर नव्हे.
आणि एक. हेपा सगळीकडे असतोच असं नाही, तशी सक्ती कायद्यात नाही. जळगावसारख्या लहान विमानतळांवर जाणाऱ्या टर्बोप्रॉपमध्ये (पंख्यांच्या लहान विमानांत) तो गृहीत धरू नका.

नुसती_वाचक:
मग हेपा असताना सार्स, कोविड पसरले कसे? २ मार्च २०२० ला पोचलेलं लंडन-हनोई उड्डाण, दहा तासांचं. खोकणारी एक प्रवासी बिझनेस क्लासमध्ये आणि त्याच भागातल्या आणखी १२ जणांना लागण. धोका फक्त दोन मीटर, दोन रांगांपर्यंत हा हिशेब तिथे टिकला नाही.

एसीवाला_हँगर३:
फिल्टर हवा खेचल्यानंतर काम करतो. तोंडातून निघालेला फवारा जाळीपर्यंत पोचायच्या आधी शेजारच्याने ओढला तर फिल्टर काय करणार? शिवाय जेवताना मास्क निघतो, गप्पा होतात, लोक स्वच्छतागृहाबाहेर रांगेत उभे राहतात. जेवण आल्या आल्या खाऊ नका, शेजारच्याचं उरकून त्याने मास्क लावला की मग तुमचा काढा. पंधरा-वीस मिनिटं पोळी थांबू शकते. नोझल पूर्ण जोरात तोंडावर मारू नका, मध्यम ठेवून चेहऱ्याच्या जरा पुढून खाली जाईल असं वळवा. आधीच आर्द्रता १० ते २० टक्के असते, सरळ झोत मारला तर नाक कोरडं पडून सोलतं.

सूक्ष्मजीवी:
हवेचा मुद्दा मान्य, पुसण्याचा नाही. पण पुसणारे बहुतेक चुकीचं पुसतात हेही खरं. दुकानात मिळणाऱ्या बेबी वाइप्स किंवा गुलाबाच्या वासाच्या फेशियल वाइप्स जंतुनाशक नसतात, त्यांनी ट्रेवरचा मळ फक्त पसरतो. पाकिटावर जंतुनाशक असल्याचा उल्लेख आणि किती वेळ ओलं ठेवायचं ते बघा. उत्पादनानुसार हे ३० सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत असतं. एका फटक्यात पुसून लगेच टिश्यूने कोरडं केलं तर औषधाला वेळच मिळत नाही. क्रम असा: आधी ट्रेचा वरचा भाग आणि कडा, मग ट्रे अडकवायची खिटी, शेवटी बेल्टचं बकल. तीच वाइप उलट फिरवून परत ट्रेवर नको. ट्रे वाळला की त्यावर कागद पसरा, अन्न थेट ठेवू नका. आणि त्या हातांनी फोन धरायच्या आधी फोनही पुसा, नाहीतर सगळं मुसळ केरात.

तिरफळ:
एवढं करून मग सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये बूट आणि फोन एकत्र ठेवायचे! हेलसिंकी विमानतळावर पृष्ठभागांचे नमुने घेतले होते. श्वसनाचे विषाणू सर्वाधिक सापडले ते तिथल्या प्लास्टिकच्या ट्रेंवर. स्वच्छतागृहातल्या नमुन्यांत एकही नाही. पुसण्यापेक्षा हात धुण्यावर जोर द्या, एवढंच म्हणतोय.

नुसती_वाचक:
हात धुवायचे ते कशाने? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००४ मध्ये तपासलेल्या विमानांपैकी साधारण १५ टक्क्यांच्या पाण्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) सापडले. त्यावरून २००९ मध्ये तिथे विमानातल्या पाण्यासाठी स्वतंत्र नियम आला. टाकी विमानतळावरच्या टँकरने भरतात, पाइपचं तोंड जमिनीला लागतं, टाकीच्या आतून बुळबुळीत थर चढतो, आणि क्लोरीन उतरलं की जंतूंना रान मोकळं.

सूक्ष्मजीवी:
हात धुवायला चालेल, साबणाने वीस सेकंद घासा. नळ दाबला की चार-पाच सेकंदांत बंद होतो, म्हणून ओले करा, साबण लावून घासा आणि मग परत परत दाबून धुवा. नळ, फ्लशचं बटण आणि दाराची कडी टिश्यूने धरा. झाकण पाडूनच फ्लश करा. बाहेर येऊन हात पूर्ण वाळले की सॅनिटायझर, ओल्या हातावर तो पातळ होतो. अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. चूळ भरायला, दात घासायला सीलबंद बाटली.

एसीवाला_हँगर३:
चहावरून मात्र उगाच घाबरवू नका. केबिनचा दाब ८,००० फूट उंचीएवढा असला तरी पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं, आणि कोलिफॉर्म मारायला ७० अंशांवर मिनिटभर पुरे. बर्फ आणि कोमट पाणी टाळा.

नुसती_वाचक:
किटलीतलं पाणी खरंच तितकं तापलेलं होतं हे प्रवाशाला कसं कळणार? पावडरचं दूध कालवायला पाणी मागितलं तर ते बहुधा कोमटच करून देतात. बाळाच्या बाटलीसाठी घरचा थर्मासच न्यावा.