बेळगावहून हनिमूनला कुठं जावं? हातात पाच दिवस, आणि तिला घाटात गाडी लागते

उद्यमबाग_टर्नर

नमस्कार मंडळी. तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर आहे. ती निपाणीजवळच्या गावची, शाळेत शिकवते. लग्न, सत्यनारायण, जोतिबा आणि अंबाबाईचं दर्शन हे सगळं उरकल्यावर आमच्या दोघांच्या वाट्याला पाच दिवस उरतात. सहाव्या दिवशी पहिल्या पाळीला मशीनवर उभं राहायचंय. ४० हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत.

घरात प्रत्येकाचं वेगळं चाललंय. आत्या म्हणते महाबळेश्वरच, तीही तिथंच गेली होती. मित्र म्हणतात मनाली. भाऊजी म्हणतात कुठंही जा, खरं गोव्याला नको, तिथं आपण दर दोन महिन्यांनी जातोच की. तिला फोनवर विचारलं तर "तुम्ही म्हणाल तिथं" एवढंच म्हणाली. तिच्या आईनं मात्र जाता जाता सांगितलं की तिला घाटात गाडी फार लागते, तेवढं बघा. तेव्हापासून मी अडकलोय. जे जे नाव काढतो त्याच्या वाटेत घाट आहेच. जाणत्यांनी सांगा.

लोंडा_जंक्शन

मनालीचा हिशेब आधी करून टाकू. आपल्याकडून दिल्लीला थेट जाणारी गोवा एक्सप्रेस आहे, तिला दीड दिवस लागतो. दिल्लीहून पुढं रात्रभराची बस, त्यातली शेवटची वाट डोंगरातल्या वळणांची. येताना तेवढंच. पाच दिवसांत तिथं पाय टेकायलाही वेळ मिळत नाही. शिवाय रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे, डिसेंबरात ती बर्फानं बंद असते. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून पलीकडं लाहौलात उतरता येतं हे खरं, पण त्यासाठीही निवांत आठवडा हवा. विमानानं वेळ वाचतो, पण डोंगरातली वळणं काही वाचत नाहीत. मनाली पुढं कधी तरी ठेवा.

खानापूर_रानवाट

भावा, लांबचं सोड. दांडेली बघ. खानापूर, नंदगड, हल्याळ असा रस्ता आहे, रानातून जातो, वळणं आहेत खरं घाट म्हणावा असा नाही. वाटेत नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी, आणि थोडी वाकडी वाट केलीस तर हलशीचं कदंबांच्या काळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ. दुपारी त्या देवळाच्या काळ्या दगडावर टेकून बसा. आत इतकं गार असतं की बाहेरचं ऊन विसरायला होतं.

दांडेलीला काळी नदी आहे, आणि सकाळी चहा घेऊन नदीकाठी थांबलात तर धनेश दिसतात. आधी पंखांचा आवाज येतो, मग पक्षी. राफ्टिंग करायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण वरच्या सुपा धरणातून पाणी सोडण्यावर ते अवलंबून असतं. एकच विनंती, शनिवार-रविवारी जाऊ नका. तेव्हा कंपन्यांचे गट येतात आणि रात्री अकरापर्यंत स्पीकर वाजतो. मंगळवार ते गुरुवार गेलात तर रान तुमचंच.

शहापूरची_काकू

बाळा, माझं माहेर निपाणी भागातलंच, म्हणून थोडं हक्कानं लिहिते. "तुम्ही म्हणाल तिथं" हे तिचं उत्तर नाही. ओळख होऊन चार महिने झालेल्या माणसाला, तेही फोनवर, आई शेजारी बसलेली असताना, मुलगी दुसरं काय म्हणणार? "कुठं जायचं" असं विचारू नकोस. तुला पाणी आवडतं की रान, सकाळी लवकर उठायला आवडतं की नाही, कधीतरी बघायचं राहून गेलंय असं काही आहे का, असं विचार. आणि उत्तर यायला वेळ दे.

दुसरं सांगते. लग्नानंतर अंगात काही उरलेलं नसतं. आठ दिवस धड झोप नाही, डोक्याला पिना टोचून टोचून दुखतं, ओळखीचं नाही अशा घरात दर मिनिटाला कुणाच्या तरी पाया पडायचं. आम्ही १९९६ साली म्हैसूर-उटी-कोडाईकनाल केलं होतं, सहा दिवसांत, टूरच्या बसनं. रोज पहाटे पाचला बॅग भरायची. उटीत मला काय आठवतं सांगू? खोलीतली हिरवी चादर. मी तिच्यावर साडीसकट झोपले आणि हे बिचारे दोन तास बाहेर पायरीवर बसून राहिले, मला उठवायला नको म्हणून. तेवढी एक दुपार मी अजून जपून ठेवलीय. त्या सहा दिवसांतलं बाकी एकही ठिकाण आता डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून एकच जागा धरा आणि तिथंच राहा. पाच दिवसांत तीन रात्री एका खोलीत झाल्या पाहिजेत.

मच्छे_मिलिटरीवाला

काकूंशी पूर्ण सहमत. आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. तिकिटं आणि खोली तिच्या माहेरच्या नावानंच काढा, आधार कार्डावर आहे अगदी तस्संच.

आमच्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ज्या एजंटकडं मी विमानाचं काम दिलं होतं त्यानं हौसेनं त्याच नव्या नावानं तिकीट काढलं. नाव नवं, आडनाव नवं. ओळखपत्र मात्र जुनं. विमानतळाच्या दारातच आम्हाला अडवलं. हातात हिरवा चुडा, कोपरापर्यंत मेंदी, आणि ती रडवेली होऊन सांगतेय की ही मीच आहे. शेवटी दुसरं तिकीट घ्यावं लागलं, पदरचे पैसे गेले ते गेलेच. रेल्वेतही ओळखपत्र विचारतात. आडनावं वेगळी असली म्हणून हॉटेलवाले अडवत नाहीत, दोघांची आधार कार्डं जवळ असली की झालं.

काळी_ते_गंगावळी

मी बेळगावात शिकलो, घर कारवारला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला रेल्वेत दिसतंय.

बेळगावहून समुद्राकडं उतरायचं तर रस्त्यानं आंबोली, तिलारी, चोर्ला नाहीतर अनमोड. चारही घाट वळणावळणांचे. गाडी लागणाऱ्या माणसाला या चारांत निवड नाही. पण पाचवी वाट आहे. लोंड्याहून कॅसलरॉक, तिथून घाट उतरून कुळे आणि पुढं मडगाव. रेल्वेचा घाटही चढाचाच आहे, ३७ फुटांला एक फूट, गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. पण रूळ एकदम वळत नाहीत आणि गाडी हळू चालते, त्यामुळं पोटात ढवळत नाही. माझ्या आईला आयुष्यभर गाडी लागली, चोर्ल्यात ती डोळेसुद्धा उघडत नसे. रेल्वेनं मात्र ती खिडकीत बसून शेंगा खात मडगावला यायची. वेळापत्रक बघून जाताना नाहीतर येताना, एकदा तरी घाट उजेडात पार होईल अशी गाडी धरा. बोगद्यातून बाहेर पडलं की दूधसागर समोर येतो, ३१० मीटर उंच. डिसेंबरात पावसाळ्याएवढा फेसाळत नाही, तरी पाणी असतं, आणि तुषार कधी कधी खिडकीपर्यंत येतात.

मडगावला उतरून कोकण रेल्वेची दक्षिणेकडची गाडी घ्यायची आणि गोकर्ण रोडला उतरायचं. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, म्हणून थांबा बघून तिकीट काढा. जमलं नाही तर अंकोला किंवा कुमट्याला उतरून रिक्षा नाहीतर बस. तिथला रस्ता सपाट आहे.

गोकर्ण का सांगतो? एकतर डिसेंबरात आमचा समुद्र शांत असतो, हवा कोरडी, रात्री पातळ शाल पुरते. दुसरं, गावात देऊळ आणि टेकडीपलीकडं किनारे, अशी त्या गावाची ठेवण आहे. कुडले किनारा, त्याच्या पुढं ओम. कुडलेवरून ओमला टेकडीवरून पायवाट जाते, अर्ध्या तासाच्या आत पोचता. वर कातळ आहे, पिवळं गवत, आणि दोन्हीकडं खाली समुद्र. नव्या जोडप्यानं न बोलता चालावं अशी ती वाट आहे. घाई करू नका.

तुमच्या आत्यांनाही सांगा की आम्ही महाबळेश्वरालाच चाललोय. गोकर्णातल्या देवाचं नावच महाबळेश्वर. रावणाकडून घेऊन गणपतीनं आत्मलिंग खाली ठेवलं ते हेच, आणि गणपतीचं देऊळही जवळच आहे. पुरुषांना आत शर्ट काढून जावं लागतं, पंचा बरोबर असू द्या.

जास्त फिरायचं नाही. फार तर एक दिवस मिर्जानचा किल्ला. गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीचा, जिला पोर्तुगीज मिऱ्यांची राणी म्हणायचे. जांभ्या दगडाच्या भिंतींवर हिरवं शेवाळ, आणि गर्दी जवळपास नाही. मुरुडेश्वरही होतं, पण तिथं दिवस जातो आणि माणसं फार. मी तरी सोडून देईन.

ओमच्या खडकांवरून फोटोसाठी पुढं जाऊ नका. लाट मागून येते, पाय सटकतो, दरवर्षी माणसं जातात. हे मी मनापासून सांगतोय, शेजारच्या घरातला मुलगा गेलाय.

शहापूरची_काकू

मडगावपर्यंत रेल्वे म्हणजे उत्तमच. तरी स्टेशनपासून पुढच्या रिक्षाला तिला पुढं तोंड करून, बाहेर लांब बघत बसू दे. मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं की जास्त लागतं, कारण कानातला तोल सांगतो हलतोय आणि डोळे सांगतात स्थिर आहोत. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेव. पोट रिकामंही नको आणि तट्ट भरलेलंही नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि प्रवासाच्या आधी, त्रास सुरू झाल्यावर नाही.

उद्यमबाग_टर्नर

चार दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. काकूंनी सांगितलं तसं विचारलं. रविवारी ती मावशीकडं शहरात आली होती, आम्ही किल्ल्याजवळच्या तळ्यावर बसलो होतो. "बघायचं राहून गेलंय असं काही आहे का" एवढंच विचारलं आणि गप्प बसलो.

बऱ्याच वेळानं बोलली. आठवीत असताना शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली होती, आंबा घाटातून. तिला इतकं लागलं की पुळ्याला पोचल्यावर बाई म्हणाल्या तू बसमध्येच पडून राहा. सगळी पोरं समुद्रावर गेली. ती मागच्या सीटवर ओढणी तोंडावर घेऊन आडवी, आणि कानावर फक्त लाटांचा आवाज. येताना मैत्रिणीनं एक शिंपला आणून दिला. तो अजून तिच्या कंपासपेटीत आहे. वर्गातली मुलं विचारतात, बाई हा कुठला, तर ती सांगते गणपतीपुळ्याचा. तिनं समुद्र अजून बघितलेलाच नाही. आणि मी बेळगावचा, समुद्र म्हणजे शेजारचं घर समजणारा.

दांडेलीचं मनात होतं, खानापूरच्या दादांनी इतकं छान लिहिलंय. उन्हाळ्यात तिला नक्की नेणार. आता मात्र गोकर्णच. तिच्या आधार कार्डाचा फोटो मागवून घेतलाय, तिकीट त्याच नावानं काढतो. चार रात्री कुडलेवर, मध्ये बदल नाही. कारवारच्या दादा, एकच विचारायचंय. शिंपले कुठल्या वेळेला मिळतात? तिला स्वतः वेचायचेत.

काळी_ते_गंगावळी

ओहोटीला. आमच्याकडचे कोळी तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ तासांत येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर ती मुंबईच्या थोडी आधीच येते. पौर्णिमेच्या आसपास पोचलात तर ओहोटी पहाटेची, आणि त्या दिवसांत पाणी जास्त मागं हटतं. उजाडायच्या आत उठा, टॉर्च घ्या, चपला हातात. वाळू घट्ट आणि गार असते, आणि कुडलेवर त्या वेळेला कुत्र्यांशिवाय कुणी नसतं. कडेच्या खडकांपाशी बघा, तिथं लाट शिंपले आणून ठेवते. जिवंत किडा आत असेल तो परत पाण्यात सोडा. लग्नाची तारीख नक्की काय ते कळवा, पंचांग बघून दिवस सांगतो.