आइस्क्रीम खराब झालंय हे कसं ओळखता? अनुभव लिहा

परवा फ्रीजर आवरताना तळाशी अर्धा डबा सापडला. वर बर्फाची पांढरी लव. घरात लगेच दोन तट पडले: मी म्हणे टाका, बाकीचे म्हणे वरचं खरवडून खाऊ. तुमच्याकडे काय करता? स्वतःवर बेतलेलं लिहा, ऐकीव नको.

*

लव म्हणजे खराब नव्हे. आइस्क्रीममधलंच पाणी उडून वर जमतं. मी कितीदा तरी खरवडून खाल्लंय, पुठ्ठ्यासारखं लागतं, एवढंच. आता डबा फोडला की आइस्क्रीमला टेकेल असं प्लास्टिक दाबून बसवते, वर झाकण.

*

आमचा डबा फ्रीजरच्या दारात असायचा, पटकन हाताला लागतो म्हणून. दार उघडलं की जरा मऊ, लावलं की परत कडक, आणि दर खेपेला बर्फाचे कण मोठे. पंधरवड्यात चमच्याखाली करकर. शेवटी थर्मामीटर ठेवून पाहिलं. हवं उणे १८, निघालं उणे ११! दाराचं रबर सैल झालं होतं. रबर बदललं, डबा मागच्या भिंतीशी सरकवला.

*

करकर तोंडात विरघळली तर बर्फ. वाळूसारखी जिभेवर तशीच राहिली तर दुधातली साखर खड्यांनी बसलीय. अपाय काही नाही, पण मला ते अजिबात खाववत नाही.

*

आम्ही चार दिवस बाहेर, मागे वीज गेलेली. परत आलो तर सगळं टणक, म्हणून निर्धास्त. झाकण काढलं तर काठोकाठ भरलेला डबा पाऊण झालेला आणि तळाला चिकट पाकाचा थर गोठलेला. वितळताना आतली हवा निघून जाते, ती काही परत येत नाही. वास चांगला होता, म्हणून चमचाभर खाल्लंच. काही झालं नाही.

*

वरच्यांना: नशीब तुमचं! गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि वासाचव नेहमीसारखीच राहू शकते. किती तास वितळलेलं होतं हे ठाऊक नसेल तर सरळ टाकायचं. मी जाताना फ्रीजरमध्ये पेलाभर पाणी गोठवून वर नाणं ठेवते. आल्यावर नाणं तळाला दिसलं की डबा कचऱ्यात, चर्चा नाही.

*

सोललेल्या लसणाशेजारी व्हॅनिला ठेवू नये. जास्त लिहवत नाही.

*

घरी केलेलं आठवड्यातच दगड होतं, बाजारच्यासारखे स्थिरक (बर्फाचे कण वाढू न देणारे पदार्थ) त्यात नसतात ना. छोट्या उथळ डब्यांत भरते, म्हणजे लागेल तेवढाच डबा बाहेर येतो. कच्चं अंडं मात्र कधीच घालत नाही.

*

धागा काढणारी मीच. डब्याचा तळ पाहिला. पाक नव्हता, उंचीही जागच्या जागी. खरवडून खाल्लं. पुठ्ठाच.