तराजू तिसऱ्या मजल्यावर नेला, २०० ग्रॅमचं वजन हलकं का दाखवतोय?

परीक्षानळी:
०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा अ‍ॅनालिटिकल बॅलन्स तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर (साधारण १० मीटर वर) हलवला. एफ-१ वर्गाचं (हा वजनाच्या अचूकतेचा दर्जा) २०० ग्रॅमचं वजन खाली २००.०००० दाखवत होतं, वर १९९.९९९४ येतंय. वजन झिजलं का? की २०१९ला किलोग्रॅमची व्याख्या बदलली म्हणून जुनी वजनं बाद झाली?

ताजवा:
दोन्ही नाही. हा तराजू वस्तुमान थेट मोजत नाही, पृथ्वीची ओढ मोजून ग्रॅममध्ये दाखवतो. दर मीटर उंचीला गुरुत्व त्वरण सुमारे ०.००००००३ पटीने घटतं. १० मीटर आणि २०० ग्रॅम धरून हिशोब करा, ०.६ मिलिग्रॅम येतात. तुमचा आकडा नेमका तोच आहे. गावच बदललं तर गंमत आणखी मोठी: गुरुत्व त्वरण दिल्लीत सुमारे ९.७९१ मीटर प्रति सेकंद², मुंबईत ९.७८६. दिल्लीत कॅलिब्रेट केलेला (माहीत असलेल्या वजनाशी जुळवलेला) तराजू मुंबईत तसाच वापरला तर २०० ग्रॅममागे ०.१ ग्रॅम खाईल.

उपाय: जागेवर ठेवून लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणा, तासभर तरी चालू ठेवा. वजनही तेवढा वेळ शेजारीच असू द्या. कोमट वजनाभोवतीची हवा वर चढते आणि ते हलकं भासतं. मग चिमट्याने ठेवून कॅलिब्रेट करा, बोट लावू नका. एसीचा झोत तराजूवर नको.

मीटरपट्टी:
व्याख्येबद्दल. २० मे २०१९पासून प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद असा कायमचा ठरवला आणि किलोग्रॅम त्यावरून काढला. त्याआधी १८८९पासून पॅरिसजवळच्या सेव्हर इथला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल हाच किलोग्रॅम होता. दंडगोल आणि त्याच्या प्रतींमध्ये शतकभरात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडत गेला, म्हणून तो सोडला. बदलताना आकडा असा जुळवला की जुना किलोग्रॅम नव्याशी दहा कोटीत एका भागाइतक्या अनिश्चिततेत जुळतो. २०० ग्रॅमला हे २ मायक्रोग्रॅम झाले. तुमच्या तराजूला ते दिसणारच नाहीत.

खरी अडचण वेगळी आहे. एफ-१ वर्गात २०० ग्रॅमला ±१ मिलिग्रॅम सूट असते. वर-खाली तेच वजन वापरलंत म्हणून फरक खरा, पण २००.०००० हा आकडा खरा असेलच असं नाही. त्याहून अचूक ई-२ वर्गाचं वजन घ्या (±०.३ मिलिग्रॅम), किंवा आहे त्याच वजनाच्या प्रमाणपत्रावरचं प्रत्यक्ष मूल्य कॅलिब्रेशनला वापरा.

परीक्षानळी:
समजलं. याच तराजूवर पिपेटही (द्रव मोजून घ्यायची नळी) तपासतो, तिने सोडलेलं पाणी तोलून. त्यात काही पाहावं लागेल?

ताजवा:
हो, आणि तिथली चूक याहून कितीतरी मोठी. कॅलिब्रेशनचं वजन पोलादाचं, घनता ८००० किलो प्रति घनमीटर धरलेली, तर पाण्याची सुमारे १०००. त्यामुळे हवेचं प्लावक बल पाण्याला जास्त उचलतं आणि खरं १०० ग्रॅम पाणी ९९.८९५ दाखवतं. ग्रॅमचा आकडा तसाच मिलिलिटर म्हणून लिहू नका: पाणी २० अंशांना असेल तर १.००२९ने गुणा, २५ला १.००४०ने. थर्मामीटर पाण्यात बुडवून वाचा, भिंतीवरचा नको.

मीटरपट्टी:
आणि भांड्यावर झाकण ठेवा. छोट्या पिपेटला आकडा डोळ्यांदेखत उतरतो, तो बाष्पीभवनाचा.