मोर्चाला जायचंय, पण पाय अडतात. मदत हवी आहे

शांत_किनारा
रविवारी सकाळी आहे आणि शनिवारपर्यंत मला ठरवायचंय, म्हणून थेट विचारते. जायचंच आहे. पण मागच्या वेळी समोरच्या फुटपाथवर पाऊण तास उभी राहिले आणि तशीच घरी परत आले. रस्ता ओलांडला गेला नाही. माझ्यासारखं अबोल माणूस अशा ठिकाणी जातं का? गेल्यावर नेमकं काय करतं? 'आत्मविश्वास वाढवा' असं कृपया कुणी सांगू नका, ते ऐकून झालंय.

कोथरूडकर७१
कसला मोर्चा? कुठल्या गावात? काहीच लिहिलेलं नाही.

शांत_किनारा
पुण्यात. नदीचा. मुळा-मुठेच्या काठावरच्या झाडांसाठी. मला वाटलं कळेल.

मोकळा_श्वास
ताई, इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. माझी सभेची भीती तिथेच गेली. मी आता सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभा राहून बोलतो.

वडाची_पारंबी
रविवार चार दिवसांवर आलाय, दहा दिवस कुठून आणायचे? आणि त्यांना बोलायचंय असं त्या म्हणालेल्याच नाहीत.
शांत_किनारा, नेमकं काय नको होतं ते सांगा. गर्दी, आवाज, पोलीस, की ओळखीचं कुणी बघेल हे? त्यावर सगळं अवलंबून आहे.

शांत_किनारा
गर्दी चालते. पालखी येते तेव्हा दरवर्षी लक्ष्मी रस्त्यावर असते, धक्के खाऊनही काही वाटत नाही. तिथे मला कुणी काही विचारत नाही ना. मागच्या वेळी एक मुलगी माईक घेऊन दिसेल त्याच्यापुढे धरत होती, 'तुम्ही का आलात, दोन शब्द बोला'. ते पाहिलं आणि जागची हलले नाही. घोषणांचंही तसंच. शेजारचे ओरडत असताना आपण गप्प राहिलो तर ते आपल्याकडे बघतील असं वाटतं.

आवक_जावक
मग मोर्चाला जाऊच नका, हरकत लिहा. ३१ वर्षं कचेरीत काढली म्हणून सांगतो. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात तोडीची नोटीस पेपरात आणि झाडावर द्यावी लागते, नोटिशीतल्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतं. एकाच मजकुराच्या शंभर छापील प्रती आल्या की एका गठ्ठ्यात जातात. पण झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर घालून स्वतः लिहिलेलं पत्र वाचावंच लागतं, कारण उत्तर द्यावं लागतं. आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

रस्त्यावरची
असहमत. मुंबईत मेट्रो कारशेडसाठी तोडायच्या आरेच्या झाडांसाठी हजारो हरकती गेल्या होत्या. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. कागदाने झाड वाचत नाही. तिथे माणूस दिसावा लागतो.

आवक_जावक
त्या रात्री माणसं तिथे गेलीच होती, तरी झाडं पडली. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली ती विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून. तोही कागदच.

रस्त्यावरची
तोवर २,१४१ झाडं गेली होती. आणि माणसं रस्त्यावर नसती तर ते पत्र कुणी लिहिलं असतं का?

गोदाकाठ
तुम्ही दोघं भांडताय आणि त्यांचा प्रश्न बाजूला राहिलाय. मोर्चा म्हणजे घोषणा, हे कुणी ठरवलं? ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादला मराठा मूक मोर्चा निघाला, मी त्यात होतो. एवढा जनसमुदाय, पण घोषणा एकही नाही. पुढे मुली. निवेदन मुलींनीच दिलं, शेवटी राष्ट्रगीत. मी सगळ्यात मागे पोतं घेऊन पाण्याच्या बाटल्या उचलत होतो. तेही मोर्चात असणंच होतं.

कोथरूडकर७१
इथे आरक्षण आणू नका. आणि रविवारी दुचाकी कुठे लावायची ते कुणी सांगेल का?

गोदाकाठ
आरक्षणाचं नाही, न बोलण्याचं बोलतोय. २०१८ ला नाशिकहून शेतकरी चालत मुंबईत आले, तेव्हा मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यात उभे होते. त्यांनीही घोषणा दिल्या नव्हत्या.

हिरवी_फांदी
तोडण्यापेक्षा पुनर्रोपणाचा पर्याय का नको? आमच्याकडे दोन झाडं हलवली, त्यातलं एक जगलंय.

वडाची_पारंबी
पुनर्रोपणावर वेगळा धागा काढा, तिथे मी भांडेन.
शांत_किनारा, मी अनेक वर्षं एकच काम करते. बॅनरचं टोक धरते. दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे टाळ्या, मुठी, माईक, काहीच करावं लागत नाही. टोकाला असल्यामुळे जीव घाबरा झाला तर शेजारच्याकडे काठी देऊन बाजूला होता येतं. मधे धरू नका, तिथून निघता येत नाही, आणि फोटोवालेही मधेच येतात.
दुसरं, वेळेवर जाऊ नका, अर्धा तास आधी जा. तेव्हा दहा-बारा माणसं असतात, कुणी सुतळी सोडवत असतं, कुणी चहा आणायला गेलेलं. तुम्ही तिथे असता आणि गर्दी तुमच्याभोवती जमते. जमलेल्या गर्दीत रस्ता ओलांडून शिरायचं म्हणजे मलाही आजतागायत जमलेलं नाही.

शांत_किनारा
आधी जायचं हे खरंच सुचलं नव्हतं. मागच्या वेळी मी मुद्दाम वीस मिनिटं उशिरा गेले होते.
आवक_जावक, हरकतही लिहिते. आमच्या घाटाजवळ वाळुंजाचं एक झाड आहे, त्यावर क्रमांक टाकलाय. आई त्याच्याखाली गौरी विसर्जनाला थांबायची. घेर उद्या मोजते.
पण टोक धरायला मागायचं कुणाकडे? आयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की सगळे उत्तर देत बसतात.

आवक_जावक
घेर जमिनीपासून छातीच्या उंचीवर मोजा. आईचंही लिहा त्यात.

वडाची_पारंबी
ग्रुपवर विचारू नका. जिथून निघणार तिथे साडेसातला या. पिवळी कापडी पिशवी घेऊन बॅनर उलगडत बसलेली बाई म्हणजे मी. काही बोलू नका, नुसतं दुसरं टोक उचला.