कॅशे पुसायच्या आधी थोडं थांबा

ताई, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डिझाइन टूलमध्ये लग्नपत्रिका उघडताना तुम्हाला नुसता पांढरा पडदा दिसतोय, आणि वरच्या एका उत्तरात कुणीतरी 'कॅशे, कुकीज (ब्राउझरने साठवून ठेवलेली साइट्सची माहिती) सगळं पुसून टाका' असं सुचवलंय, म्हणून घाईने लिहितेय. कृपा करून ते सगळ्यात शेवटी करा. नेट गेलेलं असताना केलेले बदल अशी काही डिझाइन टूल्स ब्राउझरच्याच साठ्यात ठेवतात. साइटचा डेटा पुसला की तेही जातात. माझी दोन रात्रींची मेहनत अशीच गेली, अजून हळहळ वाटते.

आधी तीच लिंक इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी विंडोत उघडा (लॉगिन पुन्हा करावं लागेल). तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात. तिथे उघडलं, तर दोष बहुधा अ‍ॅडब्लॉकरसारख्या एक्स्टेन्शनचा किंवा जुन्या कॅशेचा. एकेक एक्स्टेन्शन बंद करून बघा. तिथेही पांढरंच दिसलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघा, ऑफिसच्या फायरवॉलमुळेही (नेटवरच्या काही गोष्टी अडवणाऱ्या यंत्रणेमुळे) असं होतं.

पान उघडतं पण सगळं अडकत चालतं, असं असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम'खाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का पाहा. अशी बरीच डिझाइन टूल्स वेबजीएल (ग्राफिक्स चिपच्या मदतीने ब्राउझरमध्ये चित्र काढायचं तंत्र) वापरतात. अ‍ॅक्सिलरेशन बंद असलं की चित्र काढायचा भार प्रोसेसरवर येतो. बंद असेल तर चालू करा, आणि ही सेटिंग बदलल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. काय झालं ते इथे नक्की कळवा, मी बघत राहीन.