शोधनिबंधाची अट गेली. मग समाजशास्त्राच्या पीएचडीला फील्डवर्कची अट का नको?

विडी घरकुल:
नोकरी सांभाळून समाजशास्त्रात पीएचडी करतोय. पाचवं वर्ष चालू आहे, विषय सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायका.

२०१६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत प्रबंध जमा करण्याआधी एक शोधनिबंध छापलेला आणि परिषदांमध्ये दोन वाचलेले असणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली. आता काय काय करावं लागतं? किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि त्यात ५५ टक्के, दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे सादरीकरण, शेवटी प्री-सबमिशन म्हणजे प्रबंध जमा करण्याआधीचं सादरीकरण, साहित्यचौर्याची तपासणी, गाइडशिवाय बाहेरचे दोन परीक्षक आणि खुली व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. मुदत तीन ते सहा वर्षं. यात मला कुणी एकदाही विचारलं नाही की, बाबा रे, तू लोकांत किती दिवस बसलास?

पहिल्या वर्षी मी ४२ प्रश्नांचा फॉर्म घेऊन फिरलो. एक बाई पानं कातरत होती. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. मी विचारत गेलो, ती "हो", "नाही", "माहीत नाही" म्हणत गेली. वीस मिनिटांत फॉर्म भरला. पाचव्या खेपेला वही बंद ठेवून नुसता बसलो, तेव्हा ती बोलली. तिनं हजार विड्या भरून दिल्या तरी वाकड्या, सैल म्हणून काही बाजूला काढतात आणि त्या भरून द्यायला ती घरून जास्तीच्या वळून नेते. त्या जास्तीच्या विड्या माझ्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हत्या. मजुरीचा माझा सगळा हिशेबच चुकला होता.

काही जण म्हणतात, विद्यापीठांनी शोधनिबंधाची अट आपापल्या पातळीवर ठेवावी. मी विरोधात आहे. त्याऐवजी किमान १२० दिवसांचं फील्डवर्क आणि त्याची रोजची डायरी मागा.

विजापूर वेस:
पूर्ण असहमत. निबंधाची अट नसती तर मी चार वर्षं नुसती टिपणंच काढत बसलो असतो. पहिला निबंध एका नियतकालिकानं दोनदा परत पाठवला. दुसऱ्या वेळी परीक्षकानं लिहिलं होतं की, तुमची "जातीची संघटना" आणि "कामगार संघटना" यांत गल्लत होते आहे. ती चूक माझ्या समितीतल्या कुणालाही दिसली नव्हती, कारण आम्ही सगळे एकाच गावचे, एकाच पुस्तकांवर वाढलेले. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी उभं राहिलं. आपल्या पोरांना तर बाहेरच्या नजरेची गरज जास्त आहे.

शिवाय पुढचं बघा. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी यूजीसीनं २०१८ मध्ये जे गुण ठरवले, त्यात पीएचडीला ३० आणि शोधनिबंधांना १० पर्यंत आहेत. अट काढून आपण पोरांवर दया करत नाही. पदवी हातात आल्यावर तीच पोरं मागे पडतात.

विडी घरकुल:
परत पाठवणारं नियतकालिक मिळालं हे तुमचं नशीब. मला एकानं २,५०० रुपये सांगितले आणि चौथ्या दिवशी "स्वीकारला" असा मेल आला. एक शब्दही बदलायला सांगितला नाही. मी तो निबंध मागे घेतला, तेव्हा बरोबरचे मला वेड्यात काढत होते. सक्ती आली की असली दुकानं उघडतात. यूजीसीनं त्यावर उपाय म्हणून विश्वासार्ह नियतकालिकांची केअर यादी केली आणि २०२५ मध्ये तीही बंद केली.

विजापूर वेस:
दुकानं आहेत म्हणून निबंधच नको, हे पटत नाही. तुमच्या १२० दिवसांच्या डायऱ्या पण विकत मिळायला लागतील. घरबसल्या लिहिलेली डायरी कोण ओळखणार?

केगावची वाट:
मी गाइड आहे, म्हणून दोघांनाही सांगतो. डायरी खोटी असेल तर अर्ध्या तासात कळते. खऱ्या डायरीत न जुळणाऱ्या गोष्टी असतात, वाया गेलेले दिवस असतात. पण ओळखण्यासाठी ती वाचायला हवी. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. वर तास, परीक्षा, नॅकच्या मूल्यांकनाची कागदपत्रं. सहामाहीच्या सादरीकरणाला वीस मिनिटं मिळाली तरी खूप.

माझी खरी हरकत वेगळी आहे. माझी एक विद्यार्थिनी सोलापूरच्या सेटलमेंटवर काम करते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं, १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला. ती हजेरीची पुस्तकं, जुने अहवाल, पत्रव्यवहार वाचते. त्या काळाबद्दल सांगू शकणारी माणसं आता हाताच्या बोटांवर उरली आहेत. तिला १२० दिवस कुठे पाठवू? समाजशास्त्र म्हणजे फक्त उंबऱ्यावर बसून मुलाखती, असं ठरवू नका.

विडी घरकुल:
हे मान्य. दफ्तरातलं काम हेही फील्डवर्कच, मी अट लिहिताना तो विचार केला नव्हता.

अशोक चौक:
माझी आई ३१ वर्षं विड्या वळते आणि मीही पीएचडीला आहे. घरी येणारे संशोधक लहानपणापासून बघते. आई तेलुगूत बोलायची, सोबतचा पोरगा मराठीत सांगायचा, ते इंग्रजीत लिहायचे. एकदा मी एका प्रबंधात आईच्या तोंडचं वाक्य वाचलं. नाव बदललेलं होतं, पण प्रसंग आमचाच. आई म्हणाली होती, "हात चालतोय तोवर बरं आहे." छापलं होतं की ती कामावर समाधानी आहे.

त्या संशोधकाचे दिवस कमी पडले नव्हते, तो कितीतरी महिने येत होता. म्हणून दिवस मोजायच्या अटीला माझा विरोध आहे. ती नुसती हजेरी होईल. दुसरं असं की, नियमात बायकांना दोन वर्षं जास्त मिळतात, २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजाही आहे. पण लेकरू कडेवर घेऊन १२० दिवस वस्तीत फिरायला लावाल तर पहिल्या गळतील त्या आमच्यासारख्याच.

मला एवढंच हवंय. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते प्रकरण त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, आणि त्यांनी जे खोडलं ते प्रबंधात नोंदवा. व्हायवाच्या आधी.

विजापूर वेस:
आणि त्यांनी सांगितलं की सावकाराचं नाव काढा, भांडण काढा, तर? संशोधकानं गप्प बसायचं? लोकांना न आवडणारं लिहिणं हेही आपलं काम आहे.

अशोक चौक:
काढायला सांगत नाही. त्या काय म्हणाल्या ते खाली लिहा. नाव तर तुम्ही तसंही बदलताच.

केगावची वाट:
ही अट नियमाची वाट न बघता घालता येईल. सल्लागार समिती पुढच्या सहामाहीत एवढंच विचारू शकते की, हे कुणाला वाचून दाखवलं आणि ते काय म्हणाले. मी माझ्या विद्यार्थ्यांपासून सुरू करतो.

विजापूर वेस:
करा, त्याला ना नाही. पण निबंधाच्या अटीवरचं माझं म्हणणं कायम आहे.

विडी घरकुल:
माझं तिसरं प्रकरण मजुरीचं आहे. त्या बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायचं तर मला तेलुगू येत नाही. अशोक चौक, तुम्ही सोबत याल का? रविवारी?

अशोक चौक:
येते. दुपारी चारनंतर ठेवा. आणि कागद मला आधी पाठवा, "कंत्राटी" आणि "नोंदणीकृत"ला आमच्याकडे काय म्हणतात ते आईला विचारून ठेवते.